कढीलिंबावरचे पाहुणे

उन्हाळ्यात माणसे गावाला जातात आणि किडे आमच्या गॅलरीत येतात. परीक्षा संपल्या की आमच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडे दारांना कुलपे लावून कुणी कोकणात, कुणी लेकीकडे निघून जातात आणि जाताना ‘तेवढं पाणी घाला हं’ असे म्हणून आपापल्या कुंड्या आमच्या दारात ठेवून जातात. एरवी १४ कुंड्यांचा असलेला आमचा संसार वैशाखात २६ कुंड्यांचा होतो. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या, चार फूट रुंद गॅलरीला बाग म्हणणे हे धाडसाचेच. पण दोन मोगरे, एक गुलाब, तुळस, कागदी लिंबाचे खुरटलेले झाड, लालभडक जास्वंद आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा असलेला कढीलिंब एवढे सगळे जिथे नांदतात, त्या घराने बागेचा थोडासा आव आणला तर कुणी रागावू नये.

किड्यांचेही काही चुकते असे मला वाटत नाही. बाहेर टेकडीवर गवताची एक काडी हिरवी उरलेली नसते, रस्त्याकडेची झाडे धुळीने माखलेली असतात, आणि इथे कुणीतरी सकाळ-संध्याकाळ पाणी घालून कोवळी पालवी फोडून ठेवलेली असते. त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर दुसरे काय केले असते? शिवाय ऊन वाढले की त्यांची पिढी भराभर वाढते. थंडीत रेंगाळत वाढणारे पोर आता पाहता पाहता मोठे होऊन स्वतःचा संसार थाटते. आणि पावसाळ्यात एका सरीसरशी पानावरचे अर्धे-अधिक लटांबर धुऊन जाते, तशी सर एप्रिल-मे महिन्यांत येत नाही. वळवाची एखादी आली तर आली.

पण किडे येतात हे एक, आणि ते दिसतात हे दुसरे. पानाच्या वरच्या बाजूला बसून आपल्याला दर्शन देणारा किडा विरळा. त्याचे सारे व्यवहार पानाच्या पाठीमागे, देठाच्या बेचक्यात, कळीच्या पाकळ्यांआड चालतात. आमच्याकडे हे किडे पाहण्याचे काम आपोआप चौघांत वाटले गेले आहे. मी भिंगवाला. वडील तिकिटे जमवीत, त्यांचे भिंग माझ्याकडे आले आहे. मोगऱ्याची पाने निस्तेज, पिवळ्या ठिपक्यांची दिसू लागली की मी खाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारतो. कागदावर पडलेली धूळ जर चालू लागली, तर ती धूळ नव्हे. तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, म्हणून शास्त्राप्रमाणे तो किड्यांत मोडत नाही. पण मोगऱ्याला हा फरक कळत नसावा. कोरड्या उन्हात त्याचे फावते, आणि पानांच्या पाठीवर रोज पाण्याचा जोरदार फवारा बसला की त्याचे बिनसते. हा उपाय सकाळी लवकर करावा, म्हणजे पाने उन्हापूर्वी सुकतात.

सौ.ची तऱ्हा निराळी. ती झाडाकडे पाहतच नाही, फरशीकडे पाहते. तिचे म्हणणे असे, की चोर शोधायचा तर खरकटे शोधावे. सकाळी झाडू मारताना कढीलिंबाखाली मिरीएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या की ती हातातला झाडू तसाच धरून मला हाक मारते, ‘अहो, आले तुमचे पाहुणे!’ ते माझे कसे झाले हे मला अद्याप समजलेले नाही.

तिसरी आमची आई. वय ८७. काचबिंदूने तिची दृष्टी नऊ वर्षांपूर्वी गेली, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. पण रोज सकाळी गॅलरीच्या कठड्याला हात लावीत जास्वंदीपर्यंत जायचे, चाचपून उमललेले फूल खुडायचे आणि देव्हाऱ्यातल्या गणपतीला वाहायचे, हा तिचा नेम आहे. फुलाचा हात तिने कुणाला लावू दिलेला नाही. दिवसभरात तिला स्वतःच्या हाताने करण्याजोगे असे काम आता हे एकच उरले आहे.

आणि चौथी आमची नात. नऊ वर्षांची, राहते बेंगळूरला. एप्रिलच्या मध्याला सुट्टी लागली की येते. तिचे डोळे म्हणजे काय सांगावे! मला भिंगातून जे दिसत नाही ते तिला पलंगावरून दिसते.

यंदा तक्रार पहिल्यांदा आईने केली. फूल खुडून परत आली आणि बोटे एकमेकांवर घाशीत म्हणाली, ‘अरे, जास्वंदीची पानं चिकट लागतायत. आणि मुंग्या चढतायत माझ्या हातावर.’ मी जाऊन पाहतो तो शेंड्याची पाने गोळा होऊन आखडलेली आणि देठांच्या बेचक्यांत कापसाचे पुंजके. पिठ्या ढेकूण! नाव किती अचूक आहे पाहा. अंगावर पिठासारखे मेण, आणि चोचीसारखी सोंड झाडात खुपसून बसायची पद्धत ढेकणाची. झाडाचा रस तो इतका पितो की पचलेला न पचलेला गोडवा अंगातून पाझरतो, पाने चिकट होतात, त्यावर पुढे काजळी धरते. त्या गोडीला मुंग्या येतात, आणि फुकट खात नाहीत. ढेकणांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून जास्वंदीवर मुंग्यांची रांग लागली की मुंग्यांवर न चिडता रांग कुठवर जाते ते पाहावे.

शेजारचे गृहस्थ लगोलग एक बाटली घेऊन आले. ‘एक झाकण औषध, एक लिटर पाणी. आठ दिवसांत एक किडा दिसला तर नाव बदलीन.’ माणूस चांगला आहे, हेतूही चांगला. पण जे झाड आई रोज बोटांनी चाचपते त्याच्यावर विष मारायचे कसे? शिवाय हातभर अंतरावर फोडणीचा कढीलिंब. बाटली आभारासह परत गेली. मी सर्वांत आजारी शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले, आणि एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून उन्हे उतरल्यावर फवारायचे ठरवले. कुंडीच्या बुडाशी मुंग्यांची वाट बंद व्हावी म्हणून कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत विटेवर ठेवली.

फवारणीच्या आधी नात ओरडली, ‘थांबा आजोबा! यातला एक पळतोय.’ खरोखरच एक पुंजका लगबगीने चालला होता. पिठ्या ढेकूण चालतो, नाही असे नाही, पण पेन्शनर फिरायला निघावा तसा. हा मात्र कामाला निघाला होता. भिंगाखाली पाहिले तर अंगावर पांढऱ्या झालरी, आणि तोंडात एक ढेकूण. ढालकिड्यांच्या काही जाती आहेत, त्यांच्या अळ्या अगदी पिठ्या ढेकणाचा वेष घेऊन त्यांच्याच वस्तीत राहतात आणि त्यांनाच खातात. ऑस्ट्रेलियातला असा एक भुंगेरा १८९८ साली आपल्या देशात मुद्दाम आणला गेला. द्राक्षांच्या बागांत त्याला आजही सोडतात. आमच्याकडचा तोच की त्याचा कुणी चुलता, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. फवारणी त्या संध्याकाळी रहित झाली. नुसते पाणी आणि माझी बोटे यांवर आम्ही भागवले.

रात्री जेवताना मी नातीला पपईची गोष्ट सांगितली. २००८ साली तमिळनाडूत कोइमतूरकडे एक नवाच पिठ्या ढेकूण दिसला. मूळचा मेक्सिकोकडचा, तो इथे आला, पण त्याचे वैरी तिकडेच राहिले. मग काय विचारता! पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद, जे मिळेल त्यावर पांढरा थर चढू लागला. औषधे मारून शेतकरी थकले. तेव्हा तिच्याच गावच्या, म्हणजे बेंगळूरच्या, कृषी कीटकांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१० साली पोर्तो रिको बेटावरून त्या ढेकणाचे वैरी मागवले. ते होते तरी केवढे? मोहरीच्या दाण्याहून लहान, गांधीलमाशीच्या कुळातले. त्यांतली मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते, अंड्यातले पोर ढेकणाला आतून खाऊन मोठे होते आणि त्याच्या कातड्यातून बाहेर पडते. काही महिन्यांत पपया पुन्हा हिरव्या झाल्या. नातीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. या टाळ्या पुढे मला महाग पडल्या.

मधल्या काळात गॅलरीत पुष्कळ काही घडले. गुलाबाची पाने कुणीतरी कंपासने काढावी तशी अर्धगोल कापून नेऊ लागले. ती पानकापी माशी. पान खात नाही, कापून नेते आणि कुठल्या तरी पोकळीत पिलांसाठी त्याची वळकटी करते. चार पाने गेली म्हणून गुलाब मरत नाही. आईच्या खोलीच्या खिडकीत कुंभारीण माशीने मातीचे बोराएवढे मडके बांधले. तिचे घर मोडायचे नाही, असा आमच्या घरात आजीच्या वेळेपासून दंडक आहे. गुलाबाच्या पानाखाली नातीला केसासारख्या पांढऱ्या दांड्यांवर टांगलेले इवलेसे मणी सापडले. जाळीदार पंखांचा, सोनेरी डोळ्यांचा एक हिरवा कीटक असतो, त्याची ती अंडी. त्याची पोरे माव्याला खातात आणि इतकी खादाड असतात, की आधी बाहेर पडलेले पोर शेजारच्या अंड्यांवरच ताव मारायचे. म्हणून म्हणे आई एकेकाला निरनिराळ्या दांडीवर ठेवते. जपानात या अंड्यांना उंबराचे फूल म्हणतात. आपण उंबराचे फूल म्हणतो ते न दिसणाऱ्या वस्तूला. त्यांना ते दिसले तरी!

पण नातीचा सारा जीव होता तो कढीलिंबावर. तिथे एके दुपारी काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे एक फुलपाखरू येऊन, कोवळ्या पानांना क्षणभर पोट टेकवीत, एकेक पिवळसर अंडे ठेवून गेले होते. शेपटी नसलेले, मागच्या पंखांवर तांबडा ठिपका असलेले हे फुलपाखरू लिंबाच्या जातीच्या कुठल्याही झाडावर येते, आणि कढीलिंब त्याच गोतातला. तीन-चार दिवसांत अंड्यांतून अळ्या निघाल्या. पहिले काही दिवस अळी हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते. काळपट, मधे पांढरा फरांटा. कोण पक्षी तिला चोच लावील? अंगाने भरली की एका कातीसरशी हिरवीगार होते. आणि तिला बोट लावले तर डोक्यामागून दोन लालसर शिंगे बाहेर काढते, आणि असा उग्र वास सोडते की बोट आपोआप मागे यावे. नातीने हे शिंगांचे दर्शन इमारतीतल्या प्रत्येक मुलाला घडवले.

सौ.चे म्हणणे मात्र सरळ होते. ‘मी कढीलिंब फोडणीसाठी लावला, पाळणाघरासाठी नव्हे.’ एक अळी शेवटच्या आठवड्यात केवढे खाते हे ज्याने पाहिले नाही त्याला तिचा राग कळणार नाही. अखेर तह झाला. स्वयंपाकघराकडच्या फांद्या फोडणीच्या, कठड्याकडच्या अळ्यांच्या. चुकून हद्द ओलांडलेली अळी नातीने चमच्याने परत न्यायची. हा तह दोन्ही पक्षांनी पाळला. अळ्यांनी थोडा कमी पाळला.

सर्वांत मोठी अळी एके दिवशी खाणे सोडून बसली. देठाला शेपटाने चिकटली, कमरेभोवती रेशमाचा एकच धागा गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवशी तिथे हिरवा कोष. आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघेल, असे मी नातीला सांगितले. ती रोज उठून दात घासण्यापूर्वी कोषापाशी जाई. आठ दिवस झाले, दहा झाले. कोष हिरव्याचा विटकरी झाला. पंखांचे रंग आतून दिसायला हवे होते, ते दिसेनात. तेराव्या दिवशी सकाळी तिची हाक आली ती नेहमीसारखी नव्हती. कोषावर बारीक, हिरवट चकाकणाऱ्या माश्या फिरत होत्या. एक, दोन, दहा, वीस. आणि अजून निघतच होत्या.

ती रडली नाही आधी. बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग आईच्या खोलीत जाऊन तिच्या मांडीत डोके घालून रडली.

आईने तो रिकामा कोष मागून घेतला. दोन बोटांत धरून सगळीकडून हळूहळू चाचपला. म्हणाली, ‘फुलपाखरू निघालं असतं तर डोक्याकडून फाटला असता. तिकडे शाबूत आहे. हे बघ, इथे कुशीला भोक आहे, सुईच्या नेढ्याएवढं. इथून निघाल्यात.’ मी भिंग लावून पाहिले. भोक तिथेच होते.

‘कीटकी आणि भृंगी,’ आई म्हणाली. ‘भृंगी अळीला घरात कोंडते. अळीला तिचा इतका धसका, इतका ध्यास लागतो, की तिचीच भृंगी होते.’ हा दृष्टान्त आपल्याकडे किती जुना! भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे, आणि शेवटची ही कुंभारीण. नाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती काशीत १५७३ साली पुरी झाली. ज्या कुणी हे प्रथम पाहिले त्याच्या नजरेला माझा नमस्कार आहे. मातीच्या घरात अळी जाते, दार लिंपले जाते, आणि काही दिवसांनी आतून निघते ती माशी. एवढे त्याने अगदी बरोबर पाहिले. मधे बंद दाराआड काय होते ते दिसणे शक्य नव्हते, आणि त्या जागी त्याने जे घातले त्यावर कित्येक पिढ्यांची भक्ती पोसली.

‘पणजी, मग फुलपाखरू कुठे गेलं?’ नातीने विचारले.

आई गप्प झाली आणि तिने माझ्या दिशेने तोंड वळवले. हे तिचे ‘सांग तू’ म्हणणे मला लहानपणापासून ठाऊक आहे. सांगणे भागच होते. मी सांगितले, की कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते आणि घरात ठेवते ती आपल्या पोराच्या शिदोरीसाठी. या बारीक माश्या घर बांधीत नाहीत; अळी कोषात जायच्या वेळी तिच्याजवळ टपून बसतात आणि कोष कोवळा असतानाच त्यात अंडी घालतात. फुलपाखरू कुठे गेले नाही. ते झालेच नाही. त्यांच्या पोरांनी ते आत असतानाच खाल्ले.

‘म्हणजे पपईतल्यासारख्या?’

‘त्यांच्याच जातीतल्या.’

‘मग पपईच्या वेळी आपण टाळ्या का वाजवल्या?’

माणूस साठी उलटला की त्याच्यापाशी पुष्कळ उत्तरे जमलेली असतात. मी ती सगळी चाळून पाहिली. निसर्गाचा समतोल वगैरे शब्द जिभेवर आलेही होते. पण समोर नऊ वर्षांचे सुजलेले डोळे असताना ते शब्द उच्चारण्याची मला लाज वाटली. मी म्हणालो, ‘पपईच्या वेळी आपण पपईच्या बाजूचे होतो. आज फुलपाखराच्या बाजूचे आहोत.’ तिला ते पटले नाही. पटण्यासारखे होते असेही नाही.

दुपारी ती उठून वही घेऊन बसली. कढीलिंबावर अजून पाच अळ्या होत्या. तिने मला विचारले, की या पाचांना वाचवता येईल का. येईल, मी म्हणालो. कोषात जाण्यापूर्वी डब्यात घालून वर बारीक जाळी लावली तर या माश्यांना शिरकाव होणार नाही. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, ‘एकच आत ठेवू. बाकीच्या राहू देत.’ का, ते तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

जाळीचा प्रश्न सौ.ने सोडवला. पुरणाच्या चाळणीची भोके मोठी. त्यातून माश्या जातील. तेव्हा मैद्याची चाळणी आणि सांडग्यांचा खोल डबा असे दोन्ही तिने आपण होऊन गॅलरीत आणून ठेवले. मी तिच्याकडे पाहिले तर म्हणाली, ‘पाहताय काय? तेवढे दिवस काही मैदा लागत नाही मला.’

मेअखेर नात गेली तेव्हा डब्यातला कोष सहा दिवसांचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी झाकण उचलतो तो काडीला उलटे लटकून चुरगळलेले पंख वाळवणारे फुलपाखरू! मोबाइलवर चित्रफीत काढून लगेच पाठवली. तिचा फोन आला. तिने फुलपाखराची चौकशी दोन वाक्यांत उरकली आणि विचारले, ‘बाहेरच्या चौघांचं काय झालं?’ मी हिशेब दिला. एक अळी बुलबुलाने नेली, ती मी डोळ्यांनी पाहिली. एक कोष डोक्याकडून फाटलेला मिळाला, म्हणजे फुलपाखरू झाले. एकाच्या कुशीला भोक. चौथी कुठे गेली ते कळले नाही. ‘थांबा, लिहून घेते,’ ती म्हणाली, ‘भोकवाल्यातून किती निघाल्या? मोजल्यात का?’

जास्वंदीवरचे ढेकूण जूनच्या पहिल्या पावसापर्यंत रेंगाळले, पण वाढले नाहीत. मधे अकरा दिवस फूल आले नाही. आई त्या दिवसांतही रोज जाऊन चाचपून येई आणि तुळशीचे पान वाही. बाराव्या दिवशी परत आली ती मुठीत फूल घेऊन, आणि आम्हाला कुणाला काही न सांगता सरळ देव्हाऱ्याकडे गेली.

आता दिवाळी आली. शंकरपाळ्यांसाठी मैदा चाळायला सौ.ने नवी चाळणी आणली आहे. जुनी गॅलरीतच डब्यावर आहे, कारण पावसाळ्यानंतर कढीलिंबाला पुन्हा पालवी फुटली आणि त्यामागोमाग काळ्या लेंड्या. परवा झाडू मारताना सौ.ने हाक मारली. या खेपेला ‘तुमचे पाहुणे’ म्हणाली नाही. म्हणाली, ‘अहो, तिला फोन करा. म्हणावं, दोन आहेत, आणि आत एकच घालीन.’